सोड्याचा जमाखर्च

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कोजागिरी कार्यक्रमात सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "खाण्याचा सोडा." त्यांना वाटले, मी थट्टा करतोय. बँकेतला माणूस, व्याजदरावर बोलेल, मृत्युपत्रावर बोलेल, नॉमिनेशनवर बोलेल. नॉमिनेशनवर मी गेल्या दहा वार्षिक सभांत बोललो आहे आणि अजूनही अकरा फ्लॅटधारकांचे फॉर्म यायचे आहेत. तेव्हा तो विषय आता सोडला आणि सोडा धरला.

आपले वर्ष रौप्यमहोत्सवी. म्हणून सुरुवात चांदीने करू. काल मी बोर्डावर चिठ्ठी लावली होती की काळवंडलेली चांदीची एखादी लहान वस्तू घेऊन या. सात वस्तू आल्या आहेत. दोन निरांजने, एक अत्तरदाणी, तीन वाट्या आणि एक करंडा. करंडा कोणाचा ते चिठ्ठीवर लिहिलेले नाही, ते शेवटी बघू. हे स्टीलचे पातेले. त्याच्या तळाला ॲल्युमिनियमचा कागद पसरला आहे, पोळ्या गुंडाळतो तोच. त्यावर या वस्तू अशा ठेवायच्या की प्रत्येकीचा कागदाला स्पर्श झाला पाहिजे. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि एक चमचा मीठ. आणि आता हे किटलीतले कढत पाणी. बघा, बुडबुडे आले. पुढच्या रांगेतल्यांना जरासा उग्र वासही येईल, सडक्या अंड्यासारखा. घाबरू नका, जिलबीच्या ताटाचा त्याच्याशी संबंध नाही.

चांदी काळी पडते म्हणजे हवेतल्या गंधकाशी तिची गाठ पडते आणि वर एक पातळ थर बसतो. पावडर लावून घासले की तो थर जातो, पण त्याच्याबरोबर थोडी चांदीही जाते. आजीच्या काळातले निरांजन बोटाला धारदार लागते ते यामुळेच. या पातेल्यात तसे होत नाही. इथे गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागच्या जागी राहते. आमच्या भाषेत सांगायचे तर हे खाते बदलणे आहे, मुद्दलाला हात नाही. मात्र ज्या दागिन्यात नक्षीसाठी मुद्दाम काळा रंग भरलेला असतो, किंवा मोती, खडे, लाख असते, तो यात टाकू नका. आणि तांब्या-पितळेला हा सोडा लावून काही उपयोग नाही. त्यांना आंबट लागते. आपली चिंच, लिंबू, आमसूल. आपल्या आयांना रसायनशास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण कशाला काय लावायचे ते त्यांना माहीत होते.

आता झाकण ठेवतो आणि बोलतो.

सोडा म्हटले की पहिला घोटाळा नावाचा. आपल्याकडे तीन वेगवेगळ्या पदार्थांना सोडा म्हणतात. एक खाण्याचा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. दुसरा धुण्याचा, सोडियम कार्बोनेट. तो त्याच्यापेक्षा बराच कडक. तिसरा कॉस्टिक, तो तर कातडे जाळतो. तिन्ही पांढरे. आणि आपण काय करतो? पुडी फाडतो आणि हाताला येईल त्या बरणीत ओततो.

मी १९७५ साली बुलढाणा जिल्ह्यात एका शाखेत होतो. लग्न व्हायचे होते. तिघे मिळून एक खोली घेतली होती. पावसाळ्यात एका रविवारी भज्यांचा बेत ठरला. आमच्या एका जोडीदाराने फळीवरच्या डब्यातला सोडा चमचाभर पिठात टाकला. तो कपडे उकळायचा सोडा होता. भजी फुलली सुंदर, पण पहिला घास घेतला आणि तोंडात साबणाची वडी फिरवल्यासारखे झाले, जीभ चरचरली. दोघांनी थुंकले. तिसरा भिडस्त होता, त्याने गिळले. रात्रभर बिचारा पाणी पीत बसला. ते थोडक्यात निभावले. डब्यात कॉस्टिक असते तर मी ही गोष्ट हसत सांगितली नसती. म्हणून माझी विनंती एवढीच की बरणीवर नाव लिहा. आणि मोरी साफ करायच्या गोळ्या-दाणे स्वयंपाकघरात आणूच नका, त्यात बहुधा हा तिसरा सोडा असतो.

त्याच जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. उल्का पडून बसाल्ट खडकात झालेले विवर, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद. त्याचे पाणी खारे तर आहेच, पण सोड्याचेही आहे, आपले हे दोन्ही धाकटे सोडे त्यात विरघळलेले आहेत. खाली उतरून बोटाने चव घेतली होती मी, तेव्हा कोणी अडवत नसे. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाल्याचे फोटो आपल्या ग्रुपवर फिरले होते, ते हेच. बाजारात येतो तो सोडा मात्र तिथला नसतो, तो कारखान्यात मिठापासून तयार करतात. गुजरातेत ओखामंडळात मिठापूर नावाचे गावच त्यावर उभे राहिले.

असो. घरातल्या उपयोगांकडे येतो.

नवीन सभासदांना माहीत नसेल, पण पहिली चार वर्षे आपल्या इमारतीला नळाचे पाणी नव्हते. बोअर आणि टँकर. पाणी इतके जड की साबणाला फेस येत नसे आणि तूरडाळ कुकरच्या सहा शिट्ट्यांनंतरही दाणा दाणा वेगळी. तेव्हा जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येक वहिनी एकमेकींना विचारायच्या, "तुमची शिजली का?" जड पाण्यातला चुना डाळीच्या सालाला आणखी घट्ट करतो आणि चिमूटभर सोडा ते ढिले करतो. छोले, राजमा, वाल भिजत घालताना वाटीभर दाण्याला पाव चहाचा चमचा सोडा घालायचा, सकाळी ते पाणी ओतून टाकायचे, दोनदा धुवायचे आणि मग शिजवायचे. एवढे पुरे. जास्त घातला तर चव साबणी होते आणि दाण्यातले बी-१ जीवनसत्त्वही जाते. आता आपल्याला नळाचे पाणी आहे, तेव्हा रोजच्या वरणात सोडा घालायचे कारण उरलेले नाही. काही घरांत तो अजून चालू आहे. सवय, दुसरे काय! हिरव्या भाजीतही घालू नये. रंग पाचूसारखा राहतो, पण भाजीचा लगदा होतो आणि क जीवनसत्त्व जाते.

भज्यांबद्दल मी बोलणार नाही, कारण सौ. समोर बसली आहे. तिच्या मते सोड्याची भजी तेल पितात, म्हणून कडकडीत तेलाचे मोहनच घालावे. पंचेचाळीस वर्षे मी तीच भजी खातोय आणि माझी काही तक्रार नाही.

ढोकळ्याचे मात्र सांगतो, कारण तिथे बऱ्याच जणींचा गोंधळ होतो. सोडा एकटा फारसा फुलत नाही, त्याला आंबट जोडीदार लागतो. ताक, दही, लिंबू. दोघे भेटले की कार्बन डाय-ऑक्साईड वायू सुटतो आणि पीठ वर येते. हा वायू थोडा वेळच सुटतो, म्हणून सोडा शेवटी घालायचा आणि लगेच वाफेवर ठेवायचे. सोडा घालून फोन घेतलात तर ढोकळ्याची वडी होते. इनोच्या पुडीत सोडा आणि सायट्रिक आम्ल आधीच एकत्र असते, म्हणून त्याला नुसते पाणी पुरते. बेकिंग पावडरीतही सोडा, कोरडे आम्ल आणि स्टार्च असते. ओळखायचे कसे? कढत पाण्यात चिमूटभर टाका. भरभरून फसफसली तर बेकिंग पावडर. लिंबू पिळल्यावरच जोरात फसफसला तर सोडा. जुन्या पुडीत जीव उरलाय की नाही तेही असेच कळते.

उद्या सकाळी समितीला एक काम आहे, ते आत्ताच सांगून ठेवतो. हे मसाला दुधाचे मोठे पातेले तळाला लागले असणार. दरवर्षी लागते. ते तारेच्या घासणीने खरवडू नका. दोन बोटे पाणी, तीन मोठे चमचे सोडा, दहा मिनिटे उकळा आणि निवू द्या. मग लाकडी उलथन्याने पापुद्रा सुटेल. आपले पातेले स्टीलचे आहे म्हणून हे चालते. ॲल्युमिनियमचे असेल तर सोड्याने ते काळे पडेल. चहाच्या कपातले पिवळे वळ, थर्मासचा कुबट वास, लोणच्याच्या डब्याला धरलेला वास, या सगळ्याला सोड्याचे कोमट पाणी रात्रभर ठेवावे. माझी कवळीही मी त्याच पाण्यात ठेवतो. नातवाला वाटते, आजोबांचे दात रात्री पोहायला जातात.

फ्रिजमध्ये वाटीत सोडा ठेवतात. थोडा उपयोग होतो, पण कोथिंबिरीची जुडी खालच्या कप्प्यात सडत ठेवून वर सोडा ठेवला, तर सोडा तरी काय करणार? आधी जुडी काढा.

भाज्या-फळांवरच्या औषधाचे विचारतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर याचा अभ्यास झाला. लिटरला दहा ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे सोडा, आणि त्यात बारा ते पंधरा मिनिटे सफरचंद बुडवून ठेवले. त्यांनी लावलेली दोन औषधे वरच्या सालीवरून निघाली. सालीच्या आत मुरलेली निघाली नाहीत. दोनच औषधे आणि एकच फळ, हे लक्षात ठेवा. पण नुसत्या नळाखाली धरण्यापेक्षा हे बरे, म्हणून मी द्राक्षे तशी भिजवतो आणि मग स्वच्छ पाण्याने धुतो.

इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते ती आम्लाची. भारनियमनाच्या दिवसांत हे काम इमारतीत मीच करत असे. बॅटरी बंद करायची, तारा सोडवायच्या, सोड्याच्या पाण्यात जुना दातांचा ब्रश बुडवून घासायचे आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे. बॅटरीच्या झाकणातून आत थेंबही जाता कामा नये, नाहीतर आतल्या आम्लाचेही पाणी होईल.

आणि दिवाळी तोंडावर आहे म्हणून एक गोष्ट. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही नाही. पाणी टाकले की पेटते तेल उडून छतापर्यंत जाते. पहिले काम गॅस बंद करणे, दुसरे कढईवर झाकण किंवा परात सरकवणे. आग लहान असेल तर मुठीने सोडा टाकला तरी विझते, काही अग्निशामक नळकांड्यांत हीच पावडर असते. पण घाईत मैदा किंवा बेकिंग पावडर टाकू नका, ती पेटते. तळणाला बसताना सोड्याचा डबा ओट्यावर असू द्यावा, गॅसच्या मागे नव्हे. आगीवरून हात घालून तो काढायचा कसा?

आता व्हॉट्सॲप विद्यापीठाचा लाडका प्रयोग. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सिंकमध्ये ओता, नळी मोकळी. फेस तर झकास येतो. माझे सभासदांना विचारणे आहे की फेस गेल्यावर काय उरते? एक आम्ल, एक अल्क. जमेला शंभर, नावे शंभर, खाते निरंक. उरते ते किंचित खारट पाणी. फेसाने वरवरचा चिकटपणा हलेल, पण तुंबलेली नळी नाही. आमच्या शेजारी हा प्रयोग तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी प्लंबरने खालचा वाकडा पाइप सोडवला, तर त्यात भाताची पेज, केसांचा बोळा आणि चहाचा एक चमचा निघाला. चमचा कोणत्या रसायनाने विरघळणार होता? सोडा स्वतंत्र वापरा, व्हिनेगर स्वतंत्र वापरा. आणि संडास साफ करायचे ॲसिड व ब्लीचिंग मात्र कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो जीव घेऊ शकतो.

हळदीचे लिहून देतो, बोलताना राहिले होते. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडले आणि सोडा किंवा साबण लावला की डाग लाल होतो आणि घरात आरडाओरडा होतो. काही बिघडलेले नसते. हळदीला अल्क लागले की ती लाल होते, लिंबू लागले की परत पिवळी. हळदीचे कुंकू याच गुणावर करत आले आहेत. डाग धुऊन उन्हात टाका, हळद उन्हाला टिकत नाही.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. हे मी आजवर सोसायटीत कधी जाहीरपणे बोललेलो नाही.

बँकेत मी कॅशपासून सुरुवात केली आणि शाखाधिकारी होऊन निवृत्त झालो. ऑडिट, वर्षअखेर, वेळी-अवेळी जेवण. पित्त हे आमच्या खात्याचे भूषणच होते. ड्रॉवरमध्ये शिक्का, पॅड आणि सोड्याची बाटली. जळजळ झाली की अर्धा चमचा पाण्यात, वर लिंबू. एक ढेकर आली की फाईल पुढे. निवृत्तीनंतरही ते चालू राहिले, दिवसातून दोनदा.

मग रक्तदाब निघाला. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. मी लोणचे सोडले, पापड सोडले, आमटी अळणी खाऊ लागलो, घरात रोज कुरकुर. रक्तदाब काही हलेना. डॉक्टरांनी दोनदा गोळी बदलली. सोड्याबद्दल त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही, कारण सोडा म्हणजे काही औषध नव्हे, असे माझे मत. पुढे मी हिशेब मांडला. शंभर ग्रॅम मिठात ३९ ग्रॅम सोडियम, शंभर ग्रॅम सोड्यात २७. माझे दोन वेळचे दोन अर्धे चमचे म्हणजे साधारण पाच ग्रॅम सोडा, त्यात जवळजवळ १३५० मिलिग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला २००० च्या आत राहायला सांगते. म्हणजे अळणी आमटी जेवणारा हा गृहस्थ दिवसाचे दोन तृतीयांश सोडियम ढेकरेसाठी खर्च करत होता. चव खारट नाही म्हणून ते कधी नोंदलेच गेले नाही. चौतीस वर्षे दुसऱ्यांची खाती तपासणाऱ्या माणसाची ही तऱ्हा.

पण त्याआधी, २०११ च्या मे महिन्यात, एका लग्नाचे जेवण करून आलो. रात्री दीडच्या सुमारास जाग आली. छातीच्या मधोमध जळजळ, आणि जबड्यात एक चमत्कारिक दुखणे. अंगाला घाम. वीज होती, पंखा चालू होता, तरी घाम. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेलो, सोडा घेतला. ढेकर आली. बरेही वाटले, दहा मिनिटे. परत सुरू झाले. परत सोडा घेतला. सौ. म्हणाली, डॉक्टरला फोन करू. मी म्हटले, पित्ताला कसला डॉक्टर, श्रीखंड जास्त झाले आहे, झोप तू. असे करत अडीच वाजले.

तिने माझे ऐकले नाही. जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या सिस्टरना उठवून आणले. त्या आता मुलाकडे असतात, आज हव्या होत्या. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, मनगट धरले आणि मला काही न विचारता सौ.ला म्हणाल्या, "काकू, फाईल घ्या आणि गाडी सांगा." गाडी आजचे आपले चेअरमनसाहेब यांची. ते लुंगीवरच आले. वॉचमनने आणि त्यांनी मला खुर्चीवर बसवून खाली नेले, कारण लिफ्ट त्या आठवड्यात बंद होती. सकाळी कळले की एक रक्तवाहिनी पूर्ण बंद आणि दुसरी अर्धी. तो हार्ट अटॅक होता. फुगा, स्टेंट, सगळे झाले. तिथले डॉक्टर नंतर मला म्हणाले, "काका, सोड्याने तुम्हाला ढेकर दिली आणि एक तास घेतला."

तो तास मला अजून सलतो. सोड्याचा त्यात दोष नव्हता. त्याने पोटातले आम्ल मारले, त्याचे काम तेवढेच. पोटात हवा होतीच, ती वर आली. हृदयाचे दुखणे पोटाचे सोंग घेऊन आले आणि मी सोंगालाच औषध देत बसलो.

म्हणून माझ्या वयाच्या सर्वांना हात जोडून सांगतो. छातीत किंवा वरच्या पोटात जळजळ, दडपण, सोबत घाम, धाप, किंवा दुखणे जबड्यात, खांद्यात, हातात उतरते आहे, तर ढेकरेची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा शेजाऱ्याचे दार वाजवा. बायकांत ही दुखणी आणखी फसवी असतात, नुसते मळमळते, नुसता थकवा येतो. आणि जे रोज सोडा किंवा इनो घेतात, त्यांनी डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. रक्तदाब, मूत्रपिंड, पायावर सूज, यातले काही असेल तर आधी सांगावे. रोज पित्त होते म्हणजे त्याला काहीतरी कारण आहे, ते शोधायला हवे.

माझ्या घरात आता सोड्याची बरणी ओट्याखाली, भांड्यांच्या साबणाशेजारी असते. जागा सौ.ने ठरवली आहे आणि तिच्यात बदल करण्याचा अधिकार मला नाही.

दूध आटत आलेले दिसते, तेव्हा झाकण काढू या. जरा दिवा इकडे करा. ही निरांजने बघा. वाट्याही झाल्या. अत्तरदाणीच्या गळ्याशी थोडे काळे राहिले आहे, तिथे कागद लागला नव्हता. ताज्या पाण्यात उलटी करून पुन्हा ठेवली की जाईल. सगळ्यांनी आपापल्या वस्तू साध्या पाण्याने धुऊन, मऊ फडक्याने कोरड्या करून न्या. आणि हा करंडा. आता आतली अक्षरे वाचता येतात, झाकणाच्या आत 'सौ. माई' असे कोरले आहे. कोणाच्या घरच्या माई?